मित्र बुरशी : लावायची मुळाशी, फायदा पानाला

बुलडाणा जिल्ह्यात कापडाचे दुकान असो, शिलाईचे मशीन असो की लोहाराची भट्टी, गल्ल्यात येणारा पैसा शेवटी शेतातूनच येतो. कापूस, सोयाबीन बाजारात गेले की उधारी वसूल होते. पीक रोगाने गेले तर आमची वही तशीच पडून राहते. आपल्यापैकी अनेकांची थोडीफार शेती आहे, काहींचे कृषी केंद्रही आहे. म्हणून ही माहिती व्यापाराच्या पानावर देत आहोत.

ट्रायकोडर्मा ही जमिनीत निसर्गतःच राहणारी हिरवट बुरशी आहे. आम्हा कापडवाल्यांना तिच्या जातभाईची ओळख असायला हवी. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन फौजेचे सुती तंबू कुजू लागले, तेव्हा त्यावर ट्रायकोडर्माचीच एक जात सापडली. आज तिच्यापासून काढलेले द्रव्य सुती कापड मऊ करण्यासाठी व डेनिम धुण्यासाठी वापरले जाते. शेतात वापरतात त्या जाती वेगळ्या आहेत.

शेतातील ट्रायकोडर्मा दोन कामे करते. पहिले काम मुळाशी. हरभऱ्याची मर, सोयाबीनची मूळकूज हे रोग करणाऱ्या बुरशीला ती वेढा घालते व तिचे अन्न आणि जागा बळकावते.

दुसरे काम फारसे कोणाला ठाऊक नसते. ही बुरशी मुळाच्या सालीत शिरते, पण रोपाला इजा करत नाही. तिची चाहूल लागताच सारे रोप सावध होते. वेशीवर हाक ऐकू आली की साऱ्या गल्लीने कड्या लावाव्यात, तसेच हे आहे. पुढे पानावर रोगाची बुरशी पडली तर रोप लवकर प्रतिकार करते. 1998 साली बेल्जियम व इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की ट्रायकोडर्मा फक्त मातीत दिली तरी पानांवरील करड्या बुरशीचा रोग कमी होतो. 2006 साली अमेरिकेत टेक्सासच्या शास्त्रज्ञांना कपाशीच्या कोवळ्या रोपांतही असेच संरक्षण आढळले.

मात्र याला मर्यादा आहेत. रोग पानावर दिसू लागल्यावर भुकटी देऊन पान बरे होत नाही. हे औषध नव्हे, आधीची तयारी आहे. सोयाबीनचा पिवळा मोझॅक विषाणूमुळे होतो व पांढरी माशी तो पसरवते. तिथे या भुकटीवर भरवसा ठेवू नये. पानावरचा रोग कमी होतो, नाहीसा होत नाही. त्यामुळे रोग वाढला तर फवारणीचा खर्च करावाच लागतो.

वापर सोपा आहे. पेरणीपूर्वी दर किलो बियाण्याला साधारण 4 ते 5 ग्रॅम भुकटी चोळून बियाणे सावलीत सुकवावे. पाकिटावर वेगळे प्रमाण असेल तर तेच धरावे. जमिनीत द्यायची असल्यास चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल असताना द्यावी. कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक सोबत लावल्यास ही बुरशीच मरते आणि पैसे मातीत जातात.

आता व्यापाराची गोष्ट. हा माल जिवंत आहे. कापडाचा तागा वर्षभर फळीवर राहील, ही भुकटी राहणार नाही. उन्हात, पत्र्याखाली ठेवलेले पाकीट बाहेरून नवे दिसते, आत बुरशी मेलेली असते. घेताना नोंदणी क्रमांक, तयार केल्याची व मुदत संपण्याची तारीख पाहावी. ट्रायकोडर्मा विरिडी 1 टक्का भुकटीत दर ग्रॅममध्ये किमान 20 लाख जिवंत बीजाणू असावेत, असे ठरलेले आहे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ व जळगाव जामोदचे कृषी विज्ञान केंद्र आपल्याला जवळ आहे. शंका असेल तर तिथे विचारून घ्यावे.

कृषी केंद्र चालवणाऱ्या बांधवांना आमची विनंती आहे की माल थोडा आणावा, थंड जागी ठेवावा आणि मुदत संपलेले पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात देऊ नये. ते विकून मिळणारा नफा काही रुपयांचा असतो. शेतकऱ्याचा मात्र अख्खा हंगाम जातो, आणि त्याच्या हंगामावर आपल्या सर्वांचा धंदा उभा आहे.