गाठीतला गुदमर आणि एक विषाणू

गाठ वेगाने वाढते आणि रक्तवाहिन्या मागे पडतात. मधल्या पेशी प्राणवायूवाचून गुदमरतात, पण सगळ्याच मरत नाहीत. उलट उरलेल्या रेडिएशनला दाद देईनाशा होतात. ब्रिटनमध्ये एल. एच. ग्रे आणि सहकाऱ्यांनी १९५३ साली हे ठसठशीत मांडलं. प्राणवायू नसला की तेवढ्याच परिणामासाठी जवळजवळ तिप्पट किरणमात्रा लागते.

पुढच्या प्रयत्नांत डेन्मार्कचं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. १९८६ ते १९९० मध्ये तिथल्या डाहान्का गटाने घसा आणि स्वरयंत्राच्या कर्करोगाच्या चारशेहून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना रेडिएशनसोबत निमोरॅझोल दिलं. गुदमरलेल्या पेशींमध्ये हे औषध प्राणवायूचं काम करतं. पाच वर्षांनी गाठ आटोक्यात राहिलेले रुग्ण औषध घेणाऱ्यांत ४९ टक्के होते, न घेणाऱ्यांत ३३.

एचपीव्ही या विषाणूचा हिशेब त्या चाचणीत नव्हता. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या अनेक कर्करोगांमागे हा विषाणू असल्याचं अमेरिकेत मौरा गिलिसन यांनी २००० साली दाखवलं. डॅनिश डॉक्टरांनी मग गाठींचे जपलेले जुने तुकडे काढून विषाणूची खूण मानल्या जाणाऱ्या पी-१६ साठी तपासले. २०१० मध्ये उत्तर आलं: औषधाचा फायदा ही खूण नसलेल्यांनाच झाला होता. ते तुकडे कुणी जपले नसते तर हे कळलंच नसतं.

मग विषाणूच्या गाठीत गुदमर नसतो का? असतो. प्रयोगशाळेत या पेशीही प्राणवायूवाचून तितक्याच चिवट होतात; फरक हा, की मुळातच त्या किरणांना लवकर बळी पडतात. विषाणूची ई-६ आणि ई-७ प्रथिनं तर कमी प्राणवायूत पेशीला तगवणाऱ्या एचआयएफ-१ यंत्रणेला आणखी चेतवतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगपेशींवरच्या २०१७ च्या जर्मन प्रयोगांत उलटी बाजूही दिसली. प्राणवायू फार घटला की ई-६, ई-७ दबतात, पेशी सुप्त होतात आणि प्राणवायू मिळताच पुन्हा वाढू लागतात. मला धास्ती वाटते ती याच पेशींची.

न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कर्करोग रुग्णालयात एचपीव्हीच्या ज्या रुग्णांच्या गाठीत स्कॅनवर गुदमर दिसला नाही किंवा उपचार सुरू होताच ओसरला, त्यांना शस्त्रक्रियेनंतर ७० ऐवजी ३० ग्रे (किरणमात्रेचं एकक) मात्रा दिली गेली. पहिल्या १९ पैकी १५ जणांना ती मिळाली.

आपल्याकडे मात्र तोंडाचा कर्करोग मुख्यतः तंबाखू-सुपारीतून येतो. त्या गाठींत हा विषाणू क्वचितच सापडतो. विषाणू नसलेल्या घशाच्या गाठींसाठी युरोपात निमोरॅझोलची नवी चाचणी आखली गेली होती. ती मध्येच थांबवावी लागली.