नदीचं वेळापत्रक : कर्जत-खालापूरची दिनचर्या आणि नॉर्वेचा धडा

आजचा विषय आहे रोजचं जगणं आणि सवयी. सवयी म्हटलं की आपण लगेच माणसाच्या स्वभावाकडे बोट दाखवतो. कोकणातला माणूस असा, घाटावरचा तसा, युरोपातला आणखी तिसराच. आज आम्हाला जरा वेगळं मांडायचंय. आपल्या बऱ्याच सवयी आपण ठरवलेल्या नसतात. त्या कुठल्या तरी यंत्रणेनं ठरवून दिलेल्या असतात, आणि ती यंत्रणा जुनी झाली की आपण तिला निसर्ग समजायला लागतो. यासाठी आपण कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके घेऊ, आणि सोबतीला नॉर्वे. नॉर्वेच का, ते पुढे येईलच.

कर्जतच्या दिनचर्येवरचं एक घड्याळ सगळ्यांना दिसतं, ते म्हणजे लोकल. मुंबई साधारण शंभर किलोमीटर, म्हणजे दोन तासांचा प्रवास. त्यामुळे पहाटे कुठल्या घरात दिवा लागणार, डबा किती वाजता भरणार, रात्री जेवायला किती वाजणार, हे सगळं गाडीवर ठरतं. शेवळं, कंटोळी, टाकळा घेऊन कल्याणच्या बाजाराला निघणाऱ्या ठाकूर-कातकरी बायकांचा दिवसही गाडीवरच चालतो. हे नवीन नाही. रेल्वे खोपोलीपर्यंत १८५६ साली आली आणि बोरघाटातला मार्ग १८६३ साली सुरू झाला, तेव्हापासून या भागाचा दिवस गाडीला बांधलेला आहे.

पण इथं दुसरंही एक घड्याळ आहे. ते फलाटावर टांगलेलं नाही. ते नदीत आहे.

आता बघा. कर्जत तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तरी सह्याद्रीच्या या उताराच्या नद्या आखूड आणि घाईच्या. पावसाळ्यात दोन्ही काठ सोडून वाहतात आणि होळीपर्यंत त्यांचे डोह उरतात. बोरघाटातून ये-जा करणाऱ्या वाटसरूंसाठी नाना फडणविसांनी खोपोलीत तलाव बांधला तो काही हौस म्हणून नव्हे. उन्हाळ्यात पाणी साठवल्याशिवाय इलाज नव्हता. असं असताना आज एप्रिल-मे महिन्यात पेज नदी आणि पाताळगंगा वाहताना दिसतात. कशा?

याचं उत्तर घाटमाथ्यावर आहे. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांत पावसाचं पाणी अडवलं, ते नळांतून जवळपास पाचशे मीटर खाली आणलं, आणि १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं. वीज गेली मुंबईच्या कापड गिरण्यांना. जात्यातून पीठ बाहेर पडावं तसं चाकं फिरवून झालेलं पाणी बाहेर पडलं आणि पाताळगंगेला मिळालं. पुढे आंध्रा नदीवर ठोकरवाडीला धरण झालं आणि १९२२ साली भिवपुरीचं वीजघर आलं. (बाहेरून येणाऱ्यांसाठी एक सूचना : भिवपुरी रोड स्टेशनला उतरून वीजघर शोधू नका. ते तिथं नाही, कर्जतच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी आहे.) भिवपुरीचं पाणी पेज नदीत येतं आणि पेज पुढे उल्हासला मिळते. टाटांचं तिसरं वीजघर म्हणजे भिरा. ते १९२७ सालचं. त्याच्या पाण्यावर कुंडलिका वाहते, आणि कोलाडला पर्यटक ज्या लाटांवर होड्या हाकतात त्या लाटाही त्याच पाण्याच्या.

यातली खरी गंमत पुढेच आहे. कोळशाचं वीजघर तापायला तास लागतात. पाण्याचं मात्र काही मिनिटांत चालू होतं आणि तसंच बंदही करता येतं. म्हणून ते मागणी वाढेल तेव्हा जोरात चालवायचं आणि उतरली की कमी करायचं, असा हिशेब असतो. म्हणजे मुंबईत उकाडा वाढला, घरोघर एसी लागले की इकडे नदी चढते. मुंबईला सुट्टी असली, मागणी घटली, की नदी उतरते. पाऊस नाही, ढग नाही, आणि तरी पाणी कमी-जास्त होतंय. खालच्या गावांत यावर एक अख्खी दिनचर्या उभी राहिली. गोधड्या धुवायला कधी जायचं, गुरं कुठल्या उतारानं पलीकडे न्यायची, पोरांना पोहायला कधी सोडायचं नाही, हे सगळं पाणी सुटलंय की नाही यावर ठरतं. पाणी उतरलं की डोहात मासे धरणं सोपं, हे कातकरी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

शेतीचंही तेच. कोकणात भात म्हणजे पावसाळी पीक. राब भाजायचा, आवण टाकायचं, लावणी करायची आणि दिवाळीच्या आसपास कापणी-झोडणी उरकायची. त्यानंतर जमीन मोकळी. पण कर्जतच्या बऱ्याच गावांत उन्हाळ्यातही भात उभा दिसतो, कारण वीजघराचं पाणी राजनाला कालव्यातून शेतात जातं. दुबार भात ही त्या गावांची सवय झाली. घरात वर्षभराचा तांदूळ, गुरांना उन्हाळ्यात पेंढा, आणि माणसाला गावातच काम. कालवा दुरुस्तीला बंद राहिला की हे तिन्ही एकदम जातं. मग कळतं, की पेज नदीच्या नावात पेज आहे ती उगाच नाही.

आता नॉर्वेकडे वळू. पाणी उंचावरून पाडून वीज करायची, हे त्या देशाचं मुख्य साधन. तिथली साधारण नऊ दशांश वीज पाण्यावर होते. आणि वीज तिथं नुसती दिव्या-पंख्यापुरती नाही, हिवाळ्यात घरं गरम ठेवायलाही बहुतांशी वीजच लागते. त्यामुळे तिचा दर हा घरगुती बोलण्याचा विषय. दर दिवसभरात बदलत राहतो, म्हणून अनेक घरांत फोनवर उद्याचे दर बघून ठरवतात, की कपड्यांचं मशीन कधी लावायचं आणि गाडी कधी चार्ज करायची. बाकी दिवस आपल्यापेक्षा लवकर आवरणारा. दुपारी साडेअकराच्या सुमाराला घरून आणलेला पाव-चीजचा डबा, चार-पाचला घरी गरम जेवण, आणि मग डोंगर नाहीतर बर्फ. दारात चपला-बूट काढून घरात शिरायचं, हे मात्र थेट आपल्यासारखं.

म्हणजे तिकडचा माणूस विजेचा अंदाज घेऊन स्वतःच्या घरात कपडे धुतो. इकडची बाई मुंबईच्या विजेचा अंदाज घेऊन नदीवर कपडे धुते. दोघांचीही सवय वीजच ठरवते. फरक एवढाच, की त्याच्या फोनवर उद्याचे दर आहेत आणि हिला पाण्याकडे बघून ओळखावं लागतं.

नॉर्वेत खोपोलीचं जुळं भावंड शोभेल असं एक गाव आहे, र्यूकान. दरी इतकी खोल की सप्टेंबरअखेर ते मार्च गावात ऊन पोचत नाही. तिथल्या मोठ्या धबधब्याचं पाणी नळांत घालून १९११ साली वेमोर्कचं वीजघर उभं राहिलं, आपल्या खोपोलीच्या चार वर्षं आधी. त्या काळी ते जगातलं सर्वांत मोठं होतं. वीज खतकारखान्याला गेली आणि कारखान्याभोवती गाव वसलं. कामगारांना हिवाळ्यात ऊन दिसावं म्हणून १९२८ साली डोंगरावर जाणारा पाळणा झाला, आणि २०१३ साली डोंगरावर आरसे बसवून उन्हाचा एक तुकडा खाली चौकात पाडला. गावानं डोंगर वीजघराला दिला होता, त्याच्या बदल्यात काही मागायची रीत तिथं आधीपासून होती.

ती रीत कायद्यात आहे, आणि आजच्या बोलण्याचा गाभा तिथंच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नॉर्वेनं ठरवलं, की धबधबा खासगी कंपनीला कायमचा द्यायचा नाही. परवाना मुदतीचा, आणि मुदत संपली की वीजघर सरकारजमा. १९१७ च्या कायद्यानं ही चौकट पक्की केली. शिवाय, ज्या भागातल्या पाण्यावर वीज होते तिथल्या नगरपालिकेला त्यातली दहा टक्क्यांपर्यंत वीज जवळपास उत्पादनखर्चात द्यायची आणि वर वार्षिक शुल्कही. नदीत किमान किती पाणी राहिलं पाहिजे, याच्या अटी अनेक परवान्यांत घातलेल्या असतात.

आपल्याकडे हिशेब गुंतागुंतीचा आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. हे पाणी मुळात कर्जत-खालापूरचं नाही. ते भीमा खोऱ्याचं आहे. त्यासाठी मावळातल्या आणि मुळशीतल्या जमिनी बुडाल्या, आणि मुळशीकरांनी १९२१ पासून सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला. हे पाणी पुन्हा पूर्वेकडे, पुणे-सोलापूरच्या दुष्काळी भागाकडे वळवावं, ही मागणीही जोरात आहे. ती अन्यायाची आहे असं आम्हाला अजिबात म्हणायचं नाही. पण तो निर्णय झाला तर खाली काय होईल, याचा हिशेब कोण मांडणार? उल्हासवर अवलंबून असलेल्या कल्याण-अंबरनाथ पट्ट्यातल्या शहरांचे आणि पाताळगंगेवरच्या कारखान्यांचे पाण्याचे कोटे कागदावर आहेत. त्यांच्यासाठी भांडायला अधिकारी आहेत, वकील आहेत. गोधडी धुणाऱ्या बाईचा, डोहात मासे धरणाऱ्याचा कोटा कुठल्या कागदावर आहे? शंभर वर्षांची सवय आहे, पण सवय म्हणजे हक्क नव्हे.

त्याहून बोचरी गोष्ट वरच्या वाड्यांची. नदी खाली वाहताना दिसते, आणि डोंगरातल्या आदिवासी वाडीतली बाई मे महिन्यात डवरा खणून, वाटीवाटीनं हंडा भरते. तिच्या वाटेवरून विजेच्या तारा जातात. पाणी दिसतंय, वीज दिसतेय आणि दोन्ही पुढे चाललंय.

म्हणून आमचं म्हणणं थोडक्यात असं. एक, पाणी कधी आणि किती सुटणार हे खालच्या गावांना आदल्या दिवशी कळलं पाहिजे. लोकलची वेळ कळते, मग नदीची का नको? दोन, नदीत किमान प्रवाह किती राहील हे लिहून ठेवलं पाहिजे. तीन, पाणी वळवण्याचा निर्णय होण्याआधी या काठावरच्या रोजच्या वापराची मोजदाद झाली पाहिजे : किती एकर दुबार भात, किती विहिरींचा पाझर, किती वाड्यांची मासेमारी. आणि ज्या वाड्या आजवर कोरड्या राहिल्या, त्यांच्यापर्यंत थोडं पाणी चढवण्याइतकी वीज तरी त्यांच्या डोंगराच्या नावावर पडावी.

यातलं शेवटचं काम अवघड आहे, पण मोजदाद आजपासून करता येईल. तुमच्यापैकी जे नदीकाठचे आहेत त्यांनी एक महिना वहीत रोज टिपावं : पाणी कधी चढलं, कधी उतरलं, आणि त्या दिवशी घरात काय बदललं. उद्या कुणी विचारलं, की तुमचं या पाण्यावर काय अडतं, तर तोंडी सांगण्यापेक्षा वही पुढे करता येईल. प्रश्न असतील तर आता घेऊया.