वकीलसाहेबांचा तास

‘बागेत वाहने आणण्यास सक्त मनाई आहे.’ एखाद्या नगरपालिकेने बागेच्या फाटकावर ही पाटी लावली आहे, असे समजा. आत फिरायला आलेल्या आजोबांच्या छातीत कळ आली आणि त्यांना न्यायला रुग्णवाहिका थेट हिरवळीपर्यंत गेली. नियम मोडला का? बाबागाडीत झोपलेल्या बाळाचे काय? कचरा उचलणारा ट्रक, चोरामागे सुटलेली पोलिसांची जीप, सात वर्षांच्या मुलीची सायकल? आणि महायुद्धात वापरलेला लष्करी ट्रक स्मारक म्हणून बागेतल्या चौथऱ्यावर बसवायचा ठरला, तर ते वाहन की शिल्प?

हे कोडे १९५८ साली ब्रिटिश विधिज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी हार्वर्डच्या कायदाविषयक नियतकालिकात घातले. स्मारकाच्या ट्रकची मेख मारली ती त्यांना उत्तर देणाऱ्या अमेरिकी लॉन फुलर यांनी. कायद्याच्या प्राध्यापकांचा या वादातला रस अजून संपलेला नाही. पण कोड्याचा खरा उपयोग होतो तो शाळेत. अमेरिकेत एखादा वकील आपले काम बाजूला ठेवून तासाभरासाठी वर्गात येतो, फळ्यावर ही पाटी लिहितो आणि मुलांना बोलू देतो.

‘नियम म्हणजे नियम’ म्हणणारी मुले रुग्णवाहिकेपाशी अडखळतात. मग प्रश्न येतो, नियम केला तरी कशासाठी? अपघात टाळायला, की धूर आणि गोंगाट थांबवायला? मग वकील म्हणतो, तुम्हीच पाटी नव्याने लिहा. ‘रुग्णवाहिका वगळून’ असे लिहिले की अग्निशमन दलाचा बंब बाहेर राहतो. ‘यंत्रावर चालणारी वाहने’ असे लिहिले की दिव्यांग माणसाची विजेवर चालणारी खुर्ची अडकते. पाटी कोणी लिहायची, फाटकावर कोणी अडवायचे आणि दोघांत वाद झाला तर अर्थ कोणी लावायचा, इथपर्यंत चर्चा आली की कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ यांची ओळख होऊन गेलेली असते. एकही व्याख्या पाठ न करता.

अमेरिकेला याची गरज का भासावी? तिथल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे ॲनेनबर्ग केंद्र दरवर्षी नागरिकांच्या राज्यघटनेच्या ज्ञानाची पाहणी करते. २०१६ च्या पाहणीत शासनाच्या तिन्ही शाखा सांगू शकणारे प्रौढ अवघे २६ टक्के निघाले. २०२२ च्या राष्ट्रीय चाचणीत नागरिकशास्त्रात अपेक्षित पातळी गाठणारे आठवीचे विद्यार्थी २२ टक्के होते. ज्या देशात सामान्य माणसाला ज्युरी म्हणून बसून दुसऱ्याच्या दोषाचा निवाडा करावा लागतो, तिथे हे आकडे वकिलांना बोचणे साहजिक आहे. आपल्याकडे नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्याच्या गाजावाजानंतर ज्युरी पद्धत मागे पडत गेली. अमेरिकेत मात्र आज वर्गात बसलेला मुलगा उद्या न्यायालयाच्या बाकावर बसणार असतो.

वकिलांनी शाळेत जाण्याच्या या चळवळीने जोर धरला तो १९७० च्या आसपास. व्हिएतनाम युद्धाने तरुण बिथरले होते. १९७१ मध्ये घटनादुरुस्ती होऊन मतदानाचे वय १८ वर आले होते. त्याच वर्षी अमेरिकन बार असोसिएशनने, म्हणजे तिथल्या वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेने, शालेय नागरिक शिक्षणासाठी खास समिती नेमली. संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष लिऑन जावोर्स्की पुढे वॉटरगेट प्रकरणात विशेष अभियोक्ता म्हणून गाजले.

पण समितीपेक्षा मोठी गोष्ट घडली ती वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात. १९७२ मध्ये तिथले कायद्याचे काही विद्यार्थी शहरातल्या सरकारी शाळांत शिकवायला गेले. पोलिसाने रस्त्यात हटकले तर काय करायचे? घरमालकाने सामान बाहेर काढले तर? हप्त्यावर घेतलेली वस्तू बिघडली तर? त्या मुलांच्या जगण्यातला कायदा हाच होता, म्हणून उपक्रमाला नावही मिळाले ‘स्ट्रीट लॉ’, रस्त्यावरचा कायदा. त्या विद्यार्थ्यांपैकी एड ओब्रायन यांनी पुढे आयुष्य याच कामाला वाहिले. १९७५ मध्ये पाठ्यपुस्तक आले आणि पुढे ही पद्धत चाळीसहून अधिक देशांत पोचली. २००१ पासून बड्या कंपन्यांच्या विधी विभागांतले वकीलही जवळपासच्या शाळांत असे तास घेऊ लागले.

या वकिलांच्या पोतडीतला हमखास यशस्वी होणारा खटला आहे टिंकर यांचा. डिसेंबर १९६५ मध्ये आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात तेरा वर्षांची मेरी बेथ टिंकर व्हिएतनाम युद्धात मेलेल्यांच्या शोकासाठी दंडावर काळी फीत बांधून शाळेत गेली. शाळेने तिला आणि इतर काही मुलांना घरी पाठवले. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला: शाळेच्या फाटकातून आत शिरल्याने अभिव्यक्तीचा हक्क बाहेर राहत नाही, शिस्त खरोखर बिघडत असेल तरच शाळेला आवर घालता येतो. टिंकरबाई मोठेपणी परिचारिका झाल्या आणि २०१३ मध्ये एका वकिलाला सोबत घेऊन बसगाडीने अमेरिकाभर शाळाशाळांतून हीच कहाणी सांगत फिरल्या.

मुलांना हा निकाल आवडतो, यात नवल नाही. म्हणून जाणता वकील लगेच दुसरा खटला काढतो. १९८० मध्ये न्यू जर्सीत चौदा वर्षांच्या एका मुलीने शाळेच्या स्वच्छतागृहात सिगारेट ओढल्याचा संशय आला. उपमुख्याध्यापकांनी तिची पर्स तपासली, तर सिगारेटबरोबर गांजाही निघाला. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की झडतीवरची घटनेची बंधने शाळेलाही लागू आहेत, मात्र शाळेला पोलिसांइतका भक्कम आधार लागत नाही, वाजवी संशय पुरतो. मुलगी हरली. आता वर्गातल्या निम्म्या मुलांनी शाळेची बाजू मांडायची, निम्म्यांनी मुलीची. आणि बाजू स्वतः निवडायची नाही.

वकील वर्गात हवा तो याचसाठी, असे म्हणावेसे वाटते. कलमे पुस्तकात असतात, शिक्षकही ती सांगू शकतात. पण आपल्याला न पटणारी बाजू प्रामाणिकपणे आणि ताकदीने मांडणे ही वकिलाची रोजची रोटी आहे. घराघरांत आणि व्हॉट्सॲपच्या गटांत नेमकी हीच गोष्ट दुर्मीळ होत चालली आहे.

या कसरतीचे सर्वांत रंगतदार रूप म्हणजे शालेय अभिरूप न्यायालय. अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवरची स्पर्धा १९८४ मध्ये सुरू झाली, तीही टिंकर यांच्याच डे मॉइनमध्ये. वकील मंडळी एक काल्पनिक खटला रचतात: साक्षीदारांचे जबाब, पुरावे, नकाशे असे सगळे. काही मुले वकील होतात, काही साक्षीदार. प्रत्येक संघाला एका फेरीत एक बाजू, तर दुसऱ्या फेरीत विरुद्ध बाजू लढवावी लागते. ‘ऐकीव पुरावा आहे’, ‘प्रश्नातच उत्तर सुचवले आहे’ असे आक्षेप सोळा-सतरा वर्षांची पोरे तडफेने घेतात. प्रशिक्षक वकील असतात आणि परीक्षकांच्या खुर्चीतही वकील व न्यायाधीशच, तेही पदरमोड करून. गंमत म्हणजे खटला कोण जिंकतो याला गुण नसतात. गुण मांडणीला असतात. आरोपी सुटूनही सरकारी बाजूचा संघ पुढच्या फेरीत जाऊ शकतो.

न्यायाधीशही यात मागे नाहीत. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी बार असोसिएशनच्या मदतीने एक उपक्रम आखला आणि जानेवारी २००२ मध्ये ते स्वतः वॉशिंग्टनच्या एका शाळेत गेले. मुलांपुढे कल्पना ठेवली ती अशी: एका काल्पनिक गरीब देशात तुम्ही अडकला आहात, तिथले लोक अमेरिकेला नावे ठेवताहेत. आपली लोकशाही तुम्ही त्यांना कशी समजावाल? न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी निवृत्तीनंतर २००९ मध्ये नागरिकशास्त्राचे संगणकीय खेळ तयार करणारी संस्था सुरू केली आणि ती शाळाशाळांत पोचली.

अमेरिकेत १ मे हा ‘कायदा दिन’ असतो, हे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन साजरा करणाऱ्या आपल्याला मजेशीर वाटेल. मॉस्कोतल्या मे दिनाच्या संचलनांना उत्तर म्हणून अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५८ मध्ये तो जाहीर केला. शाळाभेटींचा हंगाम तेव्हा ऐन भरात असतो. शीतयुद्धाचा हा वारसा ध्यानात घेतला, तर या कामावर होणारा एक आक्षेप समजतो: मुलांना प्रश्न विचारायला शिकवायचे, की व्यवस्थेचे गोडवे गायला? आक्षेप पोकळ नाही. दक्षिण आफ्रिकेत १९८६ मध्ये डेव्हिड मक्क्वॉइड-मेसन यांनी दर्बानच्या विद्यापीठातून ‘स्ट्रीट लॉ’ सुरू केले तेव्हा देशाचा कायदाच वंशभेदाचा होता. तिथे कायदा समजावणे म्हणजे तो अन्यायाचा कसा आहे हेही दिसू देणे होते. सर्व वंशांच्या लोकांना मताधिकार असलेल्या १९९४ च्या पहिल्या निवडणुकीच्या वर्षी याच मंडळींनी लोकशाहीवरचे पाठ्यपुस्तक काढले.

आपल्याकडे काय चित्र आहे? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. गरजूंना मोफत वकील देण्याबरोबर लोकांत कायदेविषयक साक्षरता पसरवणे हे या कायद्यानेच सोपवलेले काम आहे, आणि शाळांत शिबिरे होतातही. नागपूर जिल्हा परिषदेत २००५ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी असलेल्या ई. झेड. खोब्रागडे यांनी शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन सुरू केले. केंद्राने २६ नोव्हेंबर हा संविधान दिन जाहीर केला तो त्यानंतर दहा वर्षांनी, २०१५ मध्ये. म्हणजे आरंभ आपल्या मातीत झाला आहे.

पण शिबिराचा साचा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पुष्पगुच्छ, मग पॉक्सो (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा), बालविवाह आणि सायबर गुन्हे यांवर चाळीस मिनिटांचे मार्गदर्शन, आभार आणि छायाचित्र. सतरंजीवर बसलेली दोनशे मुले एकही प्रश्न विचारत नाहीत. माहिती उपयोगाची असते, वक्त्याची तळमळही खरी असते. बोलते मात्र एकच बाजू.

सामग्रीची आपल्याकडे वाण नाही. केरळात जुलै १९८५ मध्ये तीन भावंडांना शाळेतून काढले गेले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा शाळेत घ्यायला सांगितले. हा बिजो इमॅन्युएल खटला नववीच्या वर्गात ठेवून पाहा: शाळेची बाजू कोण घेणार, मुलांची कोण? दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे भरपूर आहे. वकिलाने अमुक पक्ष बरा असे सुचवू नये, कोणाच्या घरच्या खटल्यावर वर्गात सल्ला देऊ नये, आणि शिक्षकांनी त्या वेळी स्टाफरूमला न जाता वर्गातच थांबावे, एवढी पथ्ये पाळली की पुरे. एका भेटीने फार काही साधत नाही. तोच वकील महिन्याला एकदा आला तर मुले त्याच्याशी वाद घालू लागतात.

तालुका न्यायालय असलेल्या गावांत बहुधा त्याच आवारात तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय असते. मुख्याध्यापकांनी किंवा शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी तिथे एक अर्ज द्यावा. मात्र अर्जात ‘व्याख्यान’ हा शब्द लिहू नये. एक वर्ग, एक खटला, सलग दोन तास आणि बोलायला मुले, असे स्पष्ट मागावे.