अस्सलाबरहुकूम

आपल्याकडील जुन्या दप्तरांतून थोडेबहुत वावरलेल्या वाचकाला ‘बरहुकूम’ हा शब्द परका वाटणार नाही. सनद असो, निवाडा असो वा वतनाचा महजर असो, त्याची नक्कल अस्सलाबरहुकूम असली पाहिजे, म्हणजे मुळात जे आहे ते आले पाहिजे आणि मुळात जे नाही ते येता कामा नये, हा कारकुनाच्या पेशाचा पहिला दंडक होता. आणि पोथ्या उतरून काढणारे आपले जुने लेखकही शेवटच्या पानावर, जसे दिसले तसे लिहिले, शुद्धाशुद्धाचा दोष माझ्या माथी नको, अशा आशयाची विनवणी करून मगच लेखणी खाली ठेवीत. या विनवणीत विनयाचा भाग किती आणि अंग काढून घेण्याचा किती, हा विनोदी प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तर तिच्यात नक्कल करणाऱ्याचे सारे शास्त्र सामावलेले आहे असे दिसून येते. हे शास्त्र आज ज्या देशांत फार मोठ्या प्रमाणावर आणि तेही विनावेतन आचरले जात आहे त्यांपैकी एक इंग्लंड होय. तेथील हजारो स्त्रीपुरुष, त्यांतही निवृत्तांचा भरणा अधिक, रोज तास दोन तास घरबसल्या चर्चच्या जुन्या नोंदवह्यांची आणि खानेसुमारीच्या कागदांची छायाचित्रे पुढ्यात घेऊन, कोणा अपरिचिताच्या पणजोबाचे नाव अक्षर अक्षर लावून उतरवीत असतात.

या वह्यांचा उगम राजाज्ञेत आहे. आठव्या हेन्रीचा कारभारी टॉमस क्रॉमवेल याने 1538 साली हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतील वस्तीच्या, पाद्र्याने तेथील बाप्तिस्मे, विवाह आणि दफनविधी यांची नोंद दर रविवारी चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या वॉर्डनच्या साक्षीने वहीत करावी, वही कुलूपबंद पेटीत ठेवावी, पेटीला दोन कुलुपे असावीत व त्यांच्या किल्ल्या दोघांकडे विभागून असाव्यात. हा नवा कर बसविण्याचा डाव आहे अशी कुजबूज लोकांत लगेच सुरू झाली. आणि सरकार माणसे मोजू लागले की पुढे पैसे मोजावे लागतात हा अनुभव सार्वत्रिक असल्यामुळे त्या संशयाला हसण्याचे कारण नाही. आरंभीच्या या वह्या पुष्कळशा साध्या कागदाच्या होत्या आणि दमट चर्चमध्ये त्यांना कसर लागू लागली. तेव्हा शतकाच्या अखेरीस, 1598 साली, असा हुकूम झाला की जुन्या नोंदी टिकाऊ चर्मपत्रावर उतरून काढाव्यात, आणि येथून पुढे वर्षाच्या नोंदींची एक प्रत बिशपकडे पाठवीत जावी. हुकूम शहाणपणाचा होता, परंतु त्यात एक सवलतीचे वाक्य शिरले होते: विशेषतः एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासूनच्या, म्हणजे 1558 पासूनच्या, नोंदी उतराव्यात. आळसाला ‘विशेषतः’ एवढा शब्द पुरेसा होतो. असंख्य पाद्र्यांनी त्याचा अर्थ ‘केवळ’ असा लावून आधीची वीस वर्षे उतरलीच नाहीत, जुना कागद यथाकाल नाहीसा झाला, आणि म्हणून इंग्लंडातील कितीतरी गावांचा लेखी वंशेतिहास आजही नेमका 1558 पाशी सुरू होतो. नक्कल ही वस्तू राखते तशी गाळतेही, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

उरलेल्या वह्या वाचणे हेही सोपे काम नव्हे. 1733 पर्यंत अनेक ठिकाणी लॅटिन चालत असे, त्यामुळे घरी ज्याला जेम्स म्हणत तो वहीत ‘जाकोबुस’ आणि विल्यम हा ‘गुलिएल्मुस’ होऊन बसतो. जुन्या वळणात दुहेरी ‘एस’मधला पहिला लांब काढीत, तो आजच्या डोळ्यांना ‘एफ’सारखा दिसतो आणि नवख्या स्वयंसेवकाकडून ‘जेसी’ची ‘जेफ्सी’ होते. त्यातही घोटाळा कालगणनेचा. 1752 पूर्वी इंग्लंडात कायद्याने वर्ष 25 मार्चला पालटत असे. म्हणून 1720 च्या डिसेंबरनंतर वहीत येणारा जानेवारीही 1720 चाच असतो, आणि हे न जाणणारा वंशशोधक भावंडांचा क्रम उलटा लावून, धाकट्याला थोरल्याच्या आधी जन्माला घालतो. मोडी कागद वाचणाऱ्या मराठी अभ्यासकाला या गोष्टीचे नवल वाटणार नाही. मृग नक्षत्राबरोबर पालटणारा सुहूर सन आणि चैत्रात पालटणारा शक यांचा मेळ घालताना त्यानेही असेच ठेचाळून घेतलेले असते.

कर बसेल ही सोळाव्या शतकातली भीती, बोलता बोलता सांगायला हवे, अठराव्या शतकात खरी ठरली. 1783 साली प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सांचा स्टॅम्प कर बसला. निर्धनांना मात्र माफी होती. तेव्हापासून वह्यांतून निर्धनपणाचे चिन्ह म्हणून नावापुढे ‘पी’ हे अक्षर पुष्कळ ठिकाणी दिसू लागते, आणि कर 1794 मध्ये उठेपर्यंतच्या त्या वर्षांत खरोखर निर्धन कोण आणि पाद्र्याच्या दयेने निर्धन झालेला कोण, हे त्या एका अक्षरावरून आज कोणालाही सांगता यावयाचे नाही. स्वयंसेवकाने ‘पी’ असेल तर ‘पी’ लिहावा आणि पुढे जावे.

दुसरे साधन खानेसुमारीचे. ब्रिटनमध्ये ती 1801 पासून दर दहा वर्षांनी होत आली, परंतु सर्व देशभर माणसांची नावे लिहून ठेवण्यास आरंभ झाला तो 1841 साली. त्या वर्षीच्या गणकांनी पेन्सिलीने भरलेल्या वह्या हा उतारा करणाराच्या डोळ्यांच्या कसोटीचा विषय आहे. पंधरा वर्षांवरील माणसाचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहावे अशी सूचना असल्यामुळे चौतीस वर्षांचा गृहस्थ तेथे तिशीचा आणि एकोणचाळिशीतली बाई पस्तिशीची होते. जन्मस्थानाच्या रकान्यात गावाचे नाव नाहीच; याच परगण्यात जन्म झाला की नाही, हे एकेका अक्षराने सांगितलेले. शेतमजूर इतके, की गणकांनी त्या दोन शब्दांचे ‘अ‍ॅग लॅब’ करून टाकले आणि पानेच्या पाने त्याने भरली. वर आणखी संकट असे, की हिशेब तपासणाऱ्या लंडनच्या कारकुनांनी बेरीज करता करता वयाच्या आकड्यांवरूनच जाड रेघा ओढल्या आहेत. त्यांच्या दृष्टीने माणूस हा बेरजेतला एक होता. एकदा मोजला की त्याचे काम संपले. नाते आणि जन्माचे गाव या दोन मोलाच्या गोष्टी 1851 पासून मिळू लागतात, आणि शंभर वर्षांपर्यंत हे कागद गुप्त राखण्याची रीत असल्यामुळे 1921 ची खानेसुमारी 2022 च्या जानेवारीत उघडी झाली. तिच्यानंतरची, 1931 ची, इंग्लंड-वेल्सची दप्तरे 1942 च्या डिसेंबरात आगीत जळाली आणि 1941 साली युद्धामुळे गणतीच झाली नाही.

एवढ्या प्रचंड दप्तराची सूची करण्याचे काम पगारी माणसांकडून होणे नव्हते. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात 1881 च्या खानेसुमारीचा उतारा हाती घेण्यात आला, तेव्हा त्यात ब्रिटनमधील वंशेतिहासमंडळांचे सभासद होते आणि त्यांच्या पाठीशी अमेरिकेतील मॉर्मन पंथीयांची यूटा येथील वंशशास्त्रीय संस्था होती. मृत पूर्वजांच्या नावेही बाप्तिस्मा घेता येतो अशी त्या पंथाची श्रद्धा असल्याने पूर्वजांची नावे शोधणे हे त्यांना धर्मकृत्य वाटते. हेतू पारलौकिक आणि फळ मात्र सर्वांना इहलोकीच मिळाले, कारण 1999 मध्ये हा सारा उतारा सीडींवर प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास, 1998 साली, बेन लॉरी, ग्रॅहम हार्ट आणि कॅमिला फॉन मासेनबाख यांनी ‘फ्रीबीएमडी’ हा उपक्रम सुरू केला. 1 जुलै 1837 पासून इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंद होऊ लागली होती. तिच्या तिमाही सूच्या उतरून इंटरनेटवर विनामूल्य ठेवावयाच्या, एवढा त्यांचा साधा संकल्प होता. आज त्या संग्रहात कोट्यवधी नोंदी आहेत आणि पॅरिशच्या वह्यांसाठी ‘फ्रीरेग’ व खानेसुमारीसाठी ‘फ्रीसेन’ अशी भावंडेही त्याला आहेत. याच कागदांचे उतारे वर्गणी घेऊन दाखविणाऱ्या कंपन्याही पुष्कळ आहेत. आपल्याच आजीचे नाव पाहण्यास पैसे का मोजावे, या रास्त प्रश्नानेही पुष्कळसे स्वयंसेवक या कामाकडे ओढले जात असावेत.

कामाची रीत आपल्या जुन्या कचेऱ्यांना शोभावी अशी आहे. सूचीचे तेच पान शक्यतो दोन स्वयंसेवक एकमेकांना न विचारता उतरतात आणि मग दोन्हींचा मुकाबला होतो. इतर ठिकाणी एकाने उतरलेले दुसरा मुळाशी रुजू घालून पाहतो. एखादे अक्षर लागत नसेल तर अंदाजाने भरू नये. त्या जागी ठरावीक खूण घालावी, आणि दोन वाचने संभवत असतील तर दोन्ही द्यावीत. परंतु खरा कस लागतो तो अक्षर स्पष्ट असून मजकूर उघड उघड चुकीचा असतो तेव्हा. आईचे वय तेवीस आणि मुलाचे एकोणीस. गावाचे नाव असे, की त्या परगण्यात तसले गावच नाही. मेरी नावाच्या बाईपुढे पुरुषाच्या रकान्यात खूण. सुशिक्षित माणसाचा हात अशा जागी शिवशिवतो. येथे नियम असा, की दिसेल ते लिहावे. दुरुस्ती सुचवायची तर ती टिपेत सुचवावी, मजकुरात शिरवू नये. गणकाची चूक हीदेखील त्या वेळी घडलेली एक घटना असते, आणि आजचा सुधारक तिच्यावर जी दुसरी चूक चढवील तिला मात्र कोणताच आधार नसतो. 1911 च्या गणतीचे एक गमतीचे प्रकरण येथे आठवते. मताधिकार नाही तर गणतीही नाही, असे म्हणून अनेक स्त्रियांनी तीवर बहिष्कार घातला. एमिली डेव्हिसन ही तर गणतीच्या, म्हणजे 2 एप्रिलच्या, रात्री पार्लमेंटच्या इमारतीतील तळघरातल्या प्रार्थनामंदिरात एका कपाटात लपून बसली, म्हणजे वास्तव्याचे ठिकाण पार्लमेंट असे पडावे. ती सापडली आणि तिची नोंद तेथे झाली. इकडे तिच्या बिऱ्हाडीही तिचे नाव लिहिले गेले. एक बाई, एक रात्र, दोन ठिकाणे. उतारा करणाराला दोन्ही नोंदी उतराव्या लागतात.

हा उद्योग केवळ सोयीचा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी आयर्लंडकडे पाहावे. 30 जून 1922 रोजी डब्लिनमध्ये, यादवी युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात, फोर कोर्ट्स या वास्तूतील दप्तरखाना स्फोट आणि आग यांत नष्ट झाला. 1821 पासून 1851 पर्यंतच्या चार गणत्या, थोडे अवशेष सोडता, तेथे जळाल्या, आयर्लंडच्या चर्चच्या शेकडो पॅरिशांच्या वह्या गेल्या, मृत्युपत्रे गेली; 1861 ते 1891 च्या चार गणत्यांची विल्हेवाट तर त्याआधीच सरकारी हुकुमांनी लागलेली होती. मागे जे राहिले त्यात सर विल्यम बेथम याने आगीच्या शंभर वर्षे आधी स्वतःच्या उपयोगासाठी मृत्युपत्रांतून टिपून घेतलेले गोषवारे आहेत. बेथमला पुढील आगीची कल्पना असण्याचे कारण नव्हते. परंतु अस्सल नाहीसे झाल्यावर त्याची टिपणे हीच अस्सलाच्या जागी आली, आणि 2022 मध्ये, आगीच्या शताब्दीस, अशा ठिकठिकाणच्या नकला गोळा करून जळालेला दप्तरखाना संगणकावर पुन्हा उभारण्याच्या प्रयत्नाला दृश्य रूप मिळाले.

आता आपल्याकडे वळू. 1881 साली एकाच राणीच्या राज्यात दोन गणत्या झाल्या: 17 फेब्रुवारीला हिंदुस्थानची, 3 एप्रिलला ब्रिटनची. तिकडची नावानिशी जपली गेली. इकडे पंचवीस कोटींहून अधिक माणसे मोजून, जातवार, धर्मवार, जिल्हावार बेरजा छापून झाल्यावर घरोघरचे मूळ कागद राखण्याची गरज कोणाला वाटली नाही. त्यामुळे महाराष्ट्रातील वंशशोधक कुलवृत्तान्त, तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि इनामांची कागदपत्रे यांच्याकडे वळतो, आणि ज्या घराला वतन नव्हते त्या घराचा माग काही पिढ्यांतच हरवतो.

एक धागा मात्र आपल्या मुलखातून थेट लंडनला जातो. मुंबई इलाख्यातील युरोपियनांचे बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांच्या प्रती विलायतेस पाठविल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, आणि 1998 मध्ये स्थापन झालेल्या ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’चे स्वयंसेवक अशा नोंदींच्या सूच्या करीत असतात. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलपासून छावण्यांतल्या लहान चर्चपर्यंतची गावे त्यांत भेटतात, पण ती आपल्या ओळखीच्या वेषात नव्हेत: ठाण्याचे ‘टॅना’ झालेले, वसईचे ‘बॅसीन’, मालेगावचे ‘मॅलिगॉम’, आणि खडकीचे ‘कर्की’. डेव्हनमधील एखाद्या निवृत्त शिक्षिकेने ‘कर्की’ हेच लिहावयाचे. ती खडकी आहे हे टिपेत सांगण्यास पुण्याचा माणूस अधिक उपयोगी पडेल. मात्र तो माणूसही एका जागी निरुपाय होतो. या वह्यांत गोऱ्या शिपायांच्या, कधी अधिकाऱ्यांच्याही, देशी स्त्रियांपासून झालेल्या मुलांचे बाप्तिस्मे आढळतात. बापाचे नाव, पलटण, हुद्दा सारे नीट लिहिलेले असते, आणि आईच्या ठिकाणी अनेकदा ‘देशी स्त्री’ एवढेच, कधी तेवढेही नाही. ती याच मुलखातली असेल, तिला हाक मारण्याचे काही नाव घरी असेलच. उतारा करणारी बाई त्या रकान्याशी क्षणभर थांबते, मुळाशी पुन्हा ताडून पाहते, आणि रकाना होता तसाच रिकामा ठेवून खालच्या नोंदीकडे वळते.