जलवनस्पतींची लागवड, तलावांतील
उथळ जलाशयाच्या तळात व काठच्या पाण्यात स्थानिक जलवनस्पती हेतुपूर्वक लावून मासे व इतर जलचर यांना आसरा, अन्न आणि प्रजोत्पादनास योग्य जागा उपलब्ध करून देणे, यास तलावांतील जलवनस्पतींची लागवड म्हणतात. पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील जुन्या तलावांच्या पुनरुज्जीवनात या पद्धतीला विशेष महत्त्व आले आहे.

तत्त्व : पाण्यात बुडालेल्या वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषणाने पाण्यास ऑक्सिजन पुरवितात आणि नायट्रेट, फॉस्फेट इ. पोषक द्रव्ये शोषून घेतात. त्यामुळे पाणी हिरवे करणाऱ्या सूक्ष्म शैवलांची वाढ मर्यादित राहते. पानांवर व खोडांवर सूक्ष्मजीवांचा थर जमतो. त्यावर गोगलगायी, कीटकांच्या अळ्या व कोळंबी यांची उपजीविका होते आणि हे प्राणी माशांच्या पिलांचे खाद्य बनतात. दाट पानांत पिलांना मोठ्या माशांपासून व पक्ष्यांपासून संरक्षण मिळते. मरळ मासा पाणवनस्पतींमध्ये घरटे करून अंडी व पिले यांची राखण करतो; इतर काही मासे आपली चिकट अंडी पानांना चिकटवितात.

सागरी जलजीवालयांतही हेच तत्त्व वापरतात. मुख्य टाकीस जोडलेल्या वेगळ्या कक्षात कॉलर्पा, किटोमॉर्फा, ग्रॅसिलॅरिया यांसारखी मोठी शैवले किंवा वाळूच्या जाड थरात मुळे धरणारी सागरी तृणे वाढवितात. या आश्रयकक्षात सूक्ष्म कवचधारी प्राणी निर्धोकपणे वाढतात व प्रवाहाबरोबर मुख्य टाकीत जाऊन माशांचे अन्न होतात. वाढलेले शैवल वेळोवेळी काढून टाकले म्हणजे त्याने शोषलेली द्रव्येही पाण्याबाहेर जातात. तलावात असा निराळा कक्ष नसतो. उथळ व वनस्पतियुक्त भाग हाच आश्रयाचे काम करतो.

पार्श्वभूमी : पूर्व विदर्भातील बहुसंख्य जुने तलाव गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या कौशल्यातून बांधले गेले. पुढे मालगुजारांच्या ताब्यात असलेले हे तलाव १९५१ मध्ये मालगुजारी नष्ट झाल्यावर शासनाकडे आले व माजी मालगुजारी (मामा) तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. सिंचन, मासेमारी व तळाची देखभाल यांची सूत्रे त्यानंतर वेगवेगळ्या हाती गेली. गाळ साचला, उघड्या तळावर बेशरमाची झुडपे माजली आणि पाण्यातील वनस्पती अनेक ठिकाणी नाहीशा झाल्या. अधिक उत्पादनासाठी सोडलेल्या काही माशांनीही या ऱ्हासास हातभार लावला. १९५९ मध्ये भारतात आणलेला गवत्या मासा पाणवनस्पती खातो, तर सिप्रिनस मासा तळ उकरून पाणी गढूळ करतो. गढूळ पाण्यात प्रकाश तळापर्यंत पोचत नाही व वनस्पती पुन्हा रुजत नाहीत. स्थानिक मासे कमी झाल्याचा फटका प्रामुख्याने मासेमारीवर जगणाऱ्या ढीवर समाजास बसला. मत्स्यबीज दरवर्षी विकत घ्यावे लागते. स्थानिक मासे मात्र आसरा असल्यास तलावातच प्रजनन करतात.

राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्यामुळे मालगुजारी पद्धतीच्या कक्षेबाहेर होता. तथापि लागवडीची पद्धत मालकीवर नव्हे, तर पाण्याची खोली, प्रकाश व तळाची माती यांवर अवलंबून असल्याने तेथील उथळ गावतलावांनाही ती लागू पडते.

वनस्पतींची निवड : एकच जाती सर्वत्र न लावता खोलीनुसार निवड करतात. काठच्या ओलसर पट्ट्यात मोथ्याच्या कुलातील एलिओकॅरिस, त्यापुढे तरंगत्या पानांच्या कुमुद, कमळ व निंफॉइडीस आणि अधिक पाण्यात हायड्रिला व व्हॅलिस्नेरिया या जाती योग्य ठरतात. व्हॅलिस्नेरिया तळावर सरपटणाऱ्या धावत्या खोडांनी पसरते. हायड्रिलाचा लहानसा तुकडाही रुजतो व तिचे कंद चिखलात टिकून राहतात. सेरॅटोफायलमला मुळे नसतात; ती पाण्यात नुसती सोडली तरी वाढते. तरंगत्या पानांवर कमळपक्षी घरटी करतात, तर एलिओकॅरिसचे कंद सारस पक्ष्यांचे खाद्य आहे.

लागवडीची रीत : उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर बेशरम मुळासकट उपटतात, तिच्या खोडाचे तुकडे पुन्हा रुजत असल्याने ते तलावाबाहेर नेणे आवश्यक असते. जनावरांच्या पायांनी व गाळाने घट्ट झालेला तळ नांगरून मोकळा करतात. पावसाळ्यात पाणी साचल्यावर जवळच्या निरोगी तलावातून थोडीथोडी रोपे काढून ओल्या पोत्यांत आणतात व गुच्छ करून चिखलात रोवतात. जलपर्णीसारख्या उपद्रवी वनस्पती सोबत येऊ नयेत म्हणून रोपे धुऊन व निवडून घेतात. रोपे स्थिरावेपर्यंत त्या भागात जाळी ओढत नाहीत. गवत्या मासा तर सोडणे टाळावेच लागते. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढीवर समाजातील स्त्रीपुरुष यांनी या रीतीने तलाव पुन्हा वनस्पतियुक्त केले आहेत. कोणती वनस्पती कोणत्या माशास उपयोगी पडते, याविषयीचे ढीवरांचे परंपरागत ज्ञान हा या कामाचा आधार होय.

मर्यादा : वनस्पती अतिदाट झाल्यास रात्रीच्या श्वसनामुळे पहाटे ऑक्सिजन घटून मासे गुदमरतात, जाळी अडकतात व कालव्यांचे प्रवाह अडतात. हायड्रिला भारतात स्थानिक असली, तरी अमेरिकेत शोभिवंत जलवनस्पतींच्या व्यापारातून पसरून ती मोठी उपद्रवी ठरली आहे. म्हणून वाढ वेळोवेळी विरळ करून काढलेला पाला काठावर कुजू न देता शेतात खत म्हणून वापरणे इष्ट असते. गाळ काढताना संपूर्ण तळ एकदम खरवडल्यास कंद व बीजे नष्ट होतात. काही भाग राखून टप्प्याटप्प्याने गाळ काढल्यास वनस्पती आपोआप पुन्हा पसरतात.