इंजिन धुतले आणि गाडी रुसली!

दसरा जवळ आला की वॉशिंग सेंटरपुढे गाड्यांच्या रांगा लागतात. काही हौशी मंडळी सोसायटीच्या आवारातच नळाला पाइप जोडून कामाला लागतात. बाहेरून गाडी लख्ख झाली की बॉनेट उघडले जाते आणि वर्षभराची धूळ व तेलकट काजळी बसलेल्या इंजिनवरही पाण्याचा फवारा सोडला जातो. मग किल्ली फिरवावी, तर गाडी नुसती घुरघुरते. सुरू होण्याचे नाव घेत नाही.

अशा वेळी इंजिनाचे बहुधा काहीच बिघडलेले नसते. बिघडते ते पुढच्या अर्ध्या तासात, गोंधळून पुन:पुन्हा सेल्फ मारल्यामुळे. म्हणून किल्ली काढून हाती घ्यावी आणि नेमके काय झाले असेल, याचा शांतपणे विचार करावा.

पेट्रोल इंजिनाला हवा, इंधन आणि ठिणगी या तिन्ही गोष्टी वेळेवर मिळाव्या लागतात. पाणी सर्वप्रथम घाला घालते ते ठिणगीवर. बॅटरीतील १२ व्होल्टचा दाब इग्निशन कॉइलमध्ये काही हजार, प्रसंगी वीस हजारांहून अधिक व्होल्टपर्यंत वाढविला जातो, तेव्हा कुठे स्पार्क प्लगच्या टोकांमधील फटीतून ठिणगी उडी घेते. एवढ्या दाबाच्या विजेला वाटेत ओल मिळाली, की ती प्लगपर्यंत न जाता जवळच्या धातूकडे पळते. इंधन सिलिंडरमध्ये येते, पण पेटत नाही.

वास्तविक पावसाळ्यात कोकणातील घाटरस्त्यांवर याच गाड्या दिवसभर भिजत धावतात, मग बादलीभर पाण्याने त्यांना काय होते? एक तर वॉशिंगच्या फवाऱ्याचा जोर फार असतो. टायरमधील हवेचा दाब साधारण २ बार असतो, तर घरगुती प्रेशर वॉशरचाही १०० बारच्या आसपास. पावसाचे पाणी अडविणारी रबरी टोपणे या माऱ्यापुढे टिकत नाहीत. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. प्लगच्या वायरींना सूक्ष्म तडे गेलेले असतात, टोपणांचे रबर कडक झालेले असते आणि कोरड्या हवेत ते सारे खपून जाते. पाणी हे निमित्त ठरते. जुने मेस्त्री रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालवायला सांगत आणि वायरींवर कुठे निळसर ठिणग्या नाचतात ते दुरूनच पाहत. खराब वायर शोधण्याची ही युक्ती आजही उपयोगी आहे. मात्र त्या वेळी वायरींना हात लावण्याचे धाडस करू नये.

पाणी कुठे साचले असेल, हे गाडीच्या वयावर अवलंबून असते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत संशयित एकच : डिस्ट्रिब्युटरचे झाकण. ते काढून आतून कोरड्या फडक्याने पुसले, की काम होते. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्लग इंजिनच्या माथ्यावर, खोल विहिरीसारख्या खोबणीत बसविलेले असतात आणि त्यांवर कॉइल असतात. या विहिरीत पाणी गेले, तर ते रात्रभरातही सुकत नाही. बॅटरीची ऋण वायर सोडवून कॉइल एकेक करून सरळ वर ओढून काढावेत आणि बॅटरीच्या उजेडात आत पाहावे. पाणी दिसल्यास ते आधी सिरिंजने किंवा काडीला गुंडाळलेल्या फडक्याने टिपून घ्यावे. घाईने प्लगच काढला, तर विहिरीतले पाणी थेट सिलिंडरमध्ये उतरते. हौशी दुरुस्तीत नेमकी हीच चूक होते.

त्याआधी गाडी काय सांगते, ते ऐकावे. किल्ली फिरवल्यावर काहीच आवाज नसेल, तर पुसापुशीत बॅटरीचे टोक सैल झाले आहे का, फ्यूज आणि रिलेच्या डबीत ओल आहे का, हे पाहावे. इंजिन नेहमीच्या लयीत फिरते पण पेट घेत नाही, तर दोष बहुधा ठिणगीचा किंवा एखाद्या सेन्सरच्या ओल्या कनेक्टरचा. पेट्रोलचा वास येत असेल, तर प्लग इंधनानेच भिजले आहेत. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला, की गाडीचा संगणक इंधन तोडतो आणि सिलिंडर वाळतात. सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदच मारावा, मध्ये मिनिटभर विश्रांती द्यावी.

इंजिन फिरता फिरता 'थड्' आवाज करून जागीच अडले, तर मात्र तत्काळ थांबावे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. एअर फिल्टरवाटे सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल आणि तरीही जोर केला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. तुंबलेल्या रस्त्यांवर इंजिने निकामी होतात, ती याच कारणाने. हे नुकसान नेहमीच्या विमा पॉलिसीत बहुधा बसत नाही. त्यासाठी इंजिन-संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लगच नसल्याने धुण्यानंतर ते सहसा रुसत नाही. परंतु त्यातील दाब अधिक असल्याने आत शिरलेले पाणी त्याला अधिक महागात पडते.

गाडी सुरू झाली पण थरथरते, म्हणजे एखादा सिलिंडर 'मिस' करतो आहे. चालवली की सुकेल, असे म्हणून ती रस्त्यावर काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो महागडा भाग अतितापाने निकामी होऊ शकतो. सीएनजी गाड्यांचे मालक आणखी एक तक्रार करतात : पेट्रोलवर गाडी बरी चालते, गॅसवर टाकली की आचके देते. सीएनजी पेटविण्यास अधिक व्होल्टची ठिणगी लागते. साहजिकच वायरींतील गळती तिथे आधी उघडी पडते.

सुकविण्यासाठी ऊन आणि उघडे बॉनेट यांसारखा उपाय नाही. दोन-तीन तास द्यावेत. घाई असल्यास पंक्चरवाल्याकडील हवेचा झोत किंवा मंद आचेवरचा हेअर ड्रायर चालतो. वायरींवर फवारण्यासाठी डब्ल्यूडी-४० मिळते. पाणी हटविण्यासाठीच ते बनविले गेले आणि त्याच्या नावातील पहिली दोन अक्षरेही तेच सांगतात. इंजिन थंड असतानाच ते वापरावे. काही सेंटरांत चकाकीसाठी इंजिनवर डिझेल वा रॉकेल फवारतात, त्याला स्पष्ट नकार द्यावा. त्याने रबरी नळ्या फुगतात आणि आगीचा धोका वेगळाच.

मुळात इंजिनला धुण्याची गरज क्वचितच असते. ओलसर फडके आणि ब्रश पुरतो. धुवायचेच झाले, तर इंजिन थंड असावे, एअर फिल्टर, कॉइल, अल्टरनेटर आणि फ्यूजची डबी प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधावी, दाबाचा फवारा टाळावा. ऑइलचे झाकण आणि डिपस्टिक घट्ट बसल्याची खात्री आधी करावी. गाडी धुऊन आल्यावर डिपस्टिक ओढून पाहावी : ऑइल दुधाळ कॉफीच्या रंगाचे दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे. तेव्हा किल्लीला हातही न लावता गाडी ओढून गॅरेजमध्ये न्यावी आणि ऑइल व फिल्टर बदलल्यावरच सुरू करावी.