प्रोसेसर बदलण्याआधी
गेमिंग पीसी : खिशाला परवडेल असा – लेखांक ७

नवं ग्राफिक्स कार्ड बसवून झालं, खोक्याचे फोटो मित्रांना पाठवून झाले आणि गेम मात्र पूर्वीइतकाच गचके खातोय. मग कुणीतरी सांगतं, "तुझा प्रोसेसर बॉटलनेक करतोय." एवढं ऐकलं की माणूस उतरंडीला लागतो. प्रोसेसर घ्यायचा तर त्याला चालणारा बोर्ड हवा, बोर्ड बदलला की नवी रॅम आली, आणि एवढं केलंच आहे तर कॅबिनेटही जुनं कशाला? निदान बरोबर असेलही, पण ते तपासून पाहिलेलं नसतं. तपासायला पैसे लागत नाहीत, अर्धा तास पुरतो.

गेम चालू असताना पडद्यावरचं प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, दोघं मिळून तयार करतात. तुम्ही कुठली कळ दाबली, शत्रू कुठल्या भिंतीआड आहे, गोळी लागली की नाही, कोसळणारी भिंत कशी कोसळेल हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो आणि काय काय रंगवायचं याची यादी कार्डाकडे देतो. कार्ड ते रंगवतं. एकानं पोळी लाटायची, दुसऱ्यानं भाजायची, असा हा कारभार आहे. तवा रिकामा राहत असेल तर लाटणारा मागे पडलाय आणि लाटलेल्या पोळ्या पडून राहत असतील तर भाजणारा. सेकंदाला ६० फ्रेम (६० एफपीएस) हव्यात तर प्रत्येक फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हव्यात तर जेमतेम ७. एवढ्या वेळात दोघांचंही काम उरकलं पाहिजे, आणि जो उशीर करेल त्याच्या वेगानं गेम चालेल.

यातली कळीची गोष्ट अशी की रिझोल्यूशन वाढवलं तर कार्डाचं काम वाढतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. शत्रू कुठे आहे हा हिशेब पडदा मोठा असो की छोटा, सारखाच. आपली कसोटी यावरच उभी आहे.

गेममध्ये जिथे नेहमी अडतं तिथे जाऊन उभे राहा. व्ही-सिंक बंद करा, एफपीएसवर मर्यादा लावली असेल तर काढा, कमी रिझोल्यूशनवर रंगवून चित्र मोठं करणारं डीएलएसएस किंवा एफएसआर चालू असेल तर तेही बंद. एफपीएस लिहून ठेवा. आता बाकी कशाला हात न लावता रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणा. रंगवायचे पिक्सेल निम्म्याहून कमी झाले. एफपीएसनं मोठी उडी मारली, तर अडत होतं ते कार्डापाशी आणि प्रोसेसरवर पैसे घालण्यात अर्थ नाही. आकडा जागचा हलला नाही, तर कार्ड नुसतं बसून होतं आणि प्रोसेसरच पुरा पडत नव्हता.

याला साक्ष हवी असेल तर एमएसआय आफ्टरबर्नर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाका. त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर खेळता खेळता पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवतं. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या पुढे असेल तर कार्ड पूर्ण राबतंय. तो साठ-सत्तरवर रेंगाळत असेल आणि कुठलीही मर्यादा लावलेली नसेल, तर संशयित बहुतेक प्रोसेसरच. पण टास्क मॅनेजरमधला प्रोसेसरचा एकूण टक्का पाहून निकाल देऊ नका. ६ कोअर आणि १२ थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड शंभर टक्के भरला तरी एकूण आकड्यात तो ८ टक्क्यांएवढाच दिसतो. गेमचं मुख्य काम पुष्कळदा एकदोन थ्रेडवरच चाललेलं असतं. त्यामुळे एकूण वापर ४५ टक्के दिसतो, माणूस निर्धास्त होतो आणि गेम तिकडे गुदमरत असतो. आफ्टरबर्नरमध्ये प्रत्येक थ्रेडचा आकडा वेगळा लावता येतो, तो लावा. सरासरी एफपीएसच्या शेजारी 'वन पर्सेंट लो'ही लावा. सर्वांत संथ एक टक्का फ्रेम कशा गेल्या ते त्यातून कळतं. सरासरी ९० आणि हा आकडा ३५, असं दिसलं तर डोळ्यांना जाणवणारे गचके तिथूनच येतायत.

गेमागणिक निकाल वेगळा येईल, त्यानं गोंधळू नका. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ लो सेटिंगवर खेळलात तर कार्डाला फारसं काम नसतं, सगळा भार प्रोसेसरवर. सिटीज स्कायलाइन्स २ मध्ये शहराची लोकसंख्या वाढत गेली की भलेभले प्रोसेसर मान टाकतात. बाल्डर्स गेट ३ च्या तिसऱ्या अंकात शहरात शिरल्यावर जे अडखळतं, तेही प्रोसेसरमुळेच. सायबरपंक २०७७ मध्ये मात्र रे ट्रेसिंग लावलं की मध्यम कार्ड आधी दमतं. तिथे गर्दीची घनता कमी करण्याची सोय आहे आणि ती प्रोसेसरचा भार हलका करते. अशी सेटिंग आधी पाहावी, दुकान नंतर. डीएलएसएसचंही एक बघा. १०८०पीवर 'क्वालिटी' निवडलं की गेम आतून ७२०पीवरच रंगवला जातो. म्हणजे कार्ड सुटतं आणि भार प्रोसेसरवर येतो. डीएलएसएस लावूनही एफपीएस वाढत नाही म्हणून कार्डाला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

प्रोसेसर दोषी ठरला तरी लगेच पाकीट काढू नका. डीडीआर४ रॅमच्या पाकिटावर ३२०० लिहिलेलं असतं, पण बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलेलं नसेल तर ती २१३३ किंवा २६६६ वरच चालत राहते, आणि घरी आणलेल्या कितीतरी मशीनमध्ये ते वर्षानुवर्षं बंदच असतं. १६ जीबीची एकच पट्टी लावली असेल तर रॅमचा अर्धा रस्ता बंद आहे. ८-८ च्या दोन पट्ट्या हव्यात. तापमान बघा. रायझन ५ ३६०० ची मर्यादा ९५ अंश आहे. विदर्भातल्या मे महिन्यात, धुळीनं भरलेल्या कूलरखाली, तिथपर्यंत पोचायला वेळ लागत नाही, आणि पोचला की तो स्वतःहून वेग उतरवतो. पंचवीस रुपयांच्या ब्रशनं जे काम होतं त्यासाठी प्रोसेसर बदलायचं कारण नाही.

आणि मॉनिटर? तो ६० हर्ट्झचा असेल आणि गेम कुठेही न अडखळता ८० एफपीएसनं चालत असेल, तर नव्या प्रोसेसरनं वाढलेल्या फ्रेम तुम्हाला दिसणारच नाहीत. हा लेखांक इथेच मिटवा.

आता खरंच बदलायचाय असं धरू. पहिला प्रश्न असा : सध्याच्या बोर्डावरच बसणारा, आणखी चांगला प्रोसेसर आहे का? इथे तुमचं नशीब तुम्ही कुठला बोर्ड घेतला होता त्यावर ठरतं. लॉकडाउनच्या आगेमागे आपल्याकडे बांधलेलं नमुनेदार मशीन म्हणजे रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम. पुढे त्यात आरटीएक्स ४०६० सारखं कार्ड आलं. या लोकांची चैन आहे. एएमडीनं एएम४ हा सॉकेट इतकी वर्षं चालवला की २०१९ च्या ३६०० च्या जागी २०२२ चा ५६०० बसतो. बोर्ड तोच, रॅम तीच. कागदावर दोघंही ६ कोअर, दोघांनाही ३२ एमबी कॅशे. पण ३६०० मध्ये ती कॅशे १६-१६ अशी दोन घरांत वाटलेली आहे आणि ५६०० मध्ये सगळ्या कोअरना मिळून एकत्र. गेममध्ये हा फरक स्पष्ट जाणवतो.

त्याच सॉकेटची वरची पायरी म्हणजे एप्रिल २०२२ मध्ये आलेला ५८००एक्स३डी. नेहमीच्या ३२ एमबी कॅशेच्या डोक्यावर आणखी ६४ एमबीचा थर रचून त्याची ९६ एमबी केली आहे. त्यासाठी वेग थोडा कमी ठेवावा लागला, तरी गेममध्ये तो साध्या ५८००एक्सला मागे टाकतो. कारण सरळ आहे. गेमला लागणारा माल मेमरीत चहूकडे विखुरलेला असतो. तो कॅशेत सापडला नाही की प्रोसेसर रॅमपर्यंत हेलपाटा घालतो, आणि तेवढ्यात बाकी सगळं खोळंबतं. कॅशे मोठी म्हणजे हेलपाटे कमी. म्हणूनच याचा फायदा सरासरीपेक्षा गचके कमी होण्यात अधिक दिसतो. त्याचा धाकटा भाऊ ५७००एक्स३डी जानेवारी २०२४ मध्ये आला. दोघांपैकी कुठलाही रास्त भावात मिळाला तर घ्यावा, मात्र सोबत कूलर येत नाही आणि ३६०० बरोबर आलेल्या छोट्या कूलरवर ५८००एक्स३डी थंड राहणार नाही. तोही खर्च धरा. निव्वळ नाव मोठं म्हणून सेकंडहँडवाले अव्वाच्या सव्वा सांगत असतील तर ५६०० घेऊन मोकळे व्हा.

इंटेलवाल्यांची गोष्ट कडू आहे. २०१७ मध्ये आठव्या पिढीचे प्रोसेसर आले तेव्हा पिना त्याच ११५१ राहिल्या, तरी जुन्या बोर्डावर त्यांना अधिकृतपणे जागा नव्हती. मग १२००, मग १७००, मग २०२४ मध्ये १८५१ अशी सॉकेटची रांग लागली. आय५-९४००एफ असेल तर वर चढायला जुने आय७ आणि आय९ एवढेच उरतात, आणि त्यांना जुन्या बाजारात जो भाव सांगितला जातो तो द्यायच्या लायकीचा नसतो. आय३-१२१००एफ वाले सुखी. ते त्याच बोर्डावर १२४००एफ किंवा १३४००एफ बसवू शकतात. पण तेराव्या-चौदाव्या पिढीचा वरच्या श्रेणीतला, विशेषतः आय७ आणि आय९ चा 'के' प्रोसेसर सेकंडहँड घेताना जपून. जास्त व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर हळूहळू बिघडत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलनं सुधारित मायक्रोकोड दिला, पण आधीच झालेली इजा त्यानं भरून येत नाही. तो प्रोसेसर आधी कुणी कसा वापरला, हे विकणारा सांगणार नाही.

बोर्ड बदलावा लागत असेल, तर माझं मत असं की त्याला अपग्रेड म्हणूच नये. ते नवं मशीन आहे. एएमडीच्या एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते, जुनी चालत नाही, आणि २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यामुळे रॅमचे भाव भडकलेत. प्रोसेसरच्या किमतीएवढेच पैसे रॅमला गेले, असं सहज होतं. गेम ६० एफपीएसच्या आसपास खेळता येतोय, तर थांबा. थांबता येत नसेल तर एएम५ घ्या. २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही तो चालवू, असं एएमडीनं जाहीर केलंय.

वेगाशी संबंध नसलेलं एक कारण मात्र खरं आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका तरी लागते. त्याहून जुनं मशीन असेल तर निर्णय तुमच्यासाठी आधीच झालाय.

बदलताना जपायचं ते असं. नव्या प्रोसेसरसाठी लागणारं बायोस अपडेट जुना प्रोसेसर आत असतानाच करायचं, शक्यतो यूपीएसवर, कारण मध्येच वीज गेली तर बोर्ड मरू शकतो. एएम४ मध्ये १३३१ पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात आणि जुनी थर्मल पेस्ट सुकून डिंकासारखी झालेली असते. कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरला चिकटून बाहेर येतो, आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं एखादा जड गेम चालवून पेस्ट गरम करा, मशीन बंद करून प्लग काढा, आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळत सुटा करा. घाई करू नका. लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावच्या दुकानात जुना प्रोसेसर घेत असाल तर तो उलटा करून उजेडात तिरका धरा, पिनांच्या रांगा आडव्या-उभ्या सरळ दिसल्या पाहिजेत. शक्य असेल तर तिथेच चालवून घ्या. 'ट्रे' म्हणून खोक्याशिवाय मिळणारा माल स्वस्त असतो, पण वॉरंटी कोण देणार हे बिलावर लिहून घ्या.

आणि तुमचा जुना प्रोसेसर लगेच विकू नका. नवा आठवडाभर नीट चालला, एकदाही निळा पडदा आला नाही, की मगच गिऱ्हाईक शोधा. पुढचा लेखांक पॉवर सप्लायवर आहे. तोवर आपल्या सप्लायवरचं लेबल वाचून ठेवा.